फाईल, फिले आणि नथ

देवगडच्या एका ताईंना कचेरीतून उत्तर आलं, 'आपला अर्ज फाईल करण्यात आला आहे.' त्यांना वाटलं, लागला मार्गी. शेजारचे निवृत्त तलाठी भाऊसाहेब म्हणाले, अहो, बंद केला तो. म्हणून ताई विचारतात: फाईल करणे म्हणजे दाखल करणे की बंद करणे? फाईलला मराठी शब्द कोणता? आणि लोखंड घासायची फाईल ती हीच का?

भाऊसाहेब बरोबर आहेत. चूक आहे ती बातम्या वाचणाऱ्यांची. रोज संध्याकाळी कोणीतरी 'याचिका फाईल केली', 'गुन्हा फाईल केला' असं कानात ओततं. अरे, 'दाखल' काय झोपलाय? इंग्रजीत एकाच क्रियापदाचे दोन्ही अर्थ नांदतात, नांदू देत. आपल्या कचेरीच्या मराठीत मात्र अर्ज 'दाखल' होतो तेव्हा कामाला सुरुवात होते, आणि 'फाईल' किंवा 'दप्तरी दाखल' होतो तेव्हा कामाला मूठमाती मिळते. इतका चोख फरक आपल्याकडे असताना तो पुसायची हौस कशाला?

कागद ठेवायचा पुठ्ठा, संगणकातली फाईल वगैरे अर्थ सगळ्यांना ठाऊक आहेत, सोडून देतो. खरी गंमत मुळात आहे. लॅटिन 'फिलुम' म्हणजे धागा. त्यावरून फ्रेंच 'फिल', आणि तिथून इंग्रजी फाईल. पुठ्ठा, कपाट हे सगळं नंतरचं. आधी कागद दोऱ्यात नाहीतर तारेत ओवून टांगत, आणि ती ओवलेली माळ म्हणजे फाईल. बाजारातल्या जुन्या किराणा दुकानात गल्ल्याशेजारी एक आकड्यासारखी वाकवलेली तार लटकत असते, दिवसभराच्या चिठ्ठ्या तिच्यात टोचलेल्या. शेठजींना सांगून पटणार नाही, पण अस्सल फाईल त्यांच्याकडे आहे; कचेरीत आहे ती तिची पणती. त्याच धाग्यावर बल्बातली फिलामेंट आहे, प्रोफाईल आहे (मूळ अर्थ रेघ ओढून काढलेली कड), आणि मालवणात पर्यटकांच्या ताटात पडते ती सुरमईची 'फिले'ही आहे. फिले म्हणजे लहानसा धागा, पट्टी. म्हणजे सुरमईची फिले आणि सातबाऱ्याच्या दुरुस्तीची फाईल एकाच घरातल्या. एकीतले काटे काढून टाकतात, दुसरीतले जपून ठेवतात.

आता मराठी शब्द. दप्तर होतंच. ते आलं फारसीतून, आणि त्याच्या मागे ग्रीक 'डिफ्थेरा', म्हणजे कातडं. (घशात कातड्यासारखा पापुद्रा धरतो म्हणून घटसर्पाला डिप्थेरिया म्हणतात, तोही याच कातड्याचा.) पण दप्तर शाळेच्या पोरांच्या पाठीवर गेलं आणि सरकारी कागदांवर उरली 'नस्ती'. या शब्दाची लोक टिंगल करतात, 'नसती उठाठेव' म्हणतात. मला मात्र तो फाईलपेक्षा दुप्पट आवडतो.

संस्कृतात 'नस्ता' म्हणजे जनावराच्या नाकाच्या पडद्याला पाडलेलं भोक, आणि 'नस्तित' म्हणजे त्या भोकातून दोरी ओवलेला बैल. वेसण घातलेला, आपल्या भाषेत. हिंदीत कागद एकत्र टोचून जोडण्याला 'नत्थी करना' म्हणतात, बंगालीत फाईलला सरळ 'नथि' म्हणतात. आणि आपल्याकडे? लग्नात मिरवते ती नथ. माझं मत असं की नस्ती म्हणजे या नत्थीलाच सोवळं नेसवलेलं आहे. कागदाच्या कोपऱ्याला भोक पाडा, दोरी ओवा, झाली वेसण. बांगड्याच्या कल्ल्यांतून सुंभ ओवून माळ घरी नेणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. रोमनांनी धागा पाहिला, आपण भोक पाहिलं. कागदाला वेसण घालावी हे सुचणाऱ्या माणसानं नक्की बैल राखले असणार.

आमच्या इथले एक संस्कृतचे निवृत्त गुरुजी हे मानत नाहीत. त्यांचं म्हणणं, नस्ती म्हणजे 'न्यस्त', ठेवून दिलेलं, न्यासातलं. ऐकायला भारदस्त आहे. पण मग नत्थी आणि नथि या दोन्ही बहिणी भोक-दोरीपाशीच का घुटमळतात, याचं उत्तर गुरुजींकडे नाही. आणि न्यस्तातला 'य' गेला कुठे? न्यासात तर तो सुखरूप बसलाय. दोनदा विचारलं, दोनदा त्यांनी चहा मागवला.

फाईल हाकलून नस्तीच बोला, असा मात्र माझा हट्ट नाही. १९२४ ते १९३७ सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध होते, भाषाशुद्धीची मोहीम त्यांनी तिथून चालवली. 'दिनांक' रुजला, आज तो परका वाटतही नाही. फाईल मात्र त्याच रत्नागिरीत टेबलावरून टेबलावर अजून फिरते आहे. तिचं आपण 'फायली' असं अनेकवचन केलं, तिला बाईमाणूस केलं, आता ती घरचीच. 'फाईल्स' म्हणू नका, एवढंच.

हां, कानस राहिली. घासायची फाईल निराळी. ती जुन्या इंग्रजीतली जर्मानिक घराण्यातली, धाग्याशी तिचा संबंध नाही. उच्चार जुळला इतकंच. आणि ताई, तुमच्या अर्जाला वेसण बसली आहे. नवा अर्ज लिहा, आलेल्या उत्तराचा जावक क्रमांक त्यात घाला, आवक-बारनिशीत, म्हणजे येणारे कागद नोंदवतात तिथे, 'दाखल' करून घ्या आणि पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.