फवारणी करताना होणारी विषबाधा ही शेतकऱ्यांच्या निष्काळजीपणामुळेच होते ना?

हातमोजे, मास्क आणि गॉगल वापरले असते तर माणसे दगावली नसती, मग दोष त्यांचाच नाही का, असे आपण विचारले आहे. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या कापूस पिकवणाऱ्या गावात वाढलो असून २०१७ नंतर हाच प्रश्न शहरातल्या सुशिक्षित माणसांकडून वारंवार ऐकला आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

त्या वर्षी जुलै ते ऑक्टोबर या काळात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक माणसे गेली आणि ८०० हून अधिक जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. कपाशी पाच-सहा फूट वाढली होती, अळी आणि रसशोषक किडी आवरत नव्हत्या, आणि हवेत उष्मा व दमटपणा दोन्ही होते. अशा दाट पऱ्हाटीत (कपाशीच्या झाडांत) पाठीवर पंप घेऊन शिरलेल्या माणसाला फवारा डोक्याच्या वर धरावा लागतो, त्यामुळे त्याचे तुषार त्याच्याच चेहऱ्यावर, मानेवर आणि घामाने भिजलेल्या सदऱ्यावर पडत राहतात. हे विष केवळ नाकातोंडावाटे जाते असे नाही, ते ओल्या कातडीतूनही शरीरात शिरते. मजुरी अनेकदा किती पंप, म्हणजे पाठीवरच्या किती टाक्या, मारले यावर ठरते; ज्याला भर उन्हात जास्तीत जास्त पंप मारायचे आहेत, त्याने जाड रबरी पोशाख घालून दिवसभर काम करावे, ही अपेक्षा तो पोशाख कधीही न घातलेला माणूसच करू शकतो. शिवाय दोन-तीन औषधे एकत्र मिसळण्याचा सल्ला त्याला बहुधा कृषी केंद्राच्या दुकानातच मिळतो, कारण उधारी तिथेच असते आणि कृषी सहायक गावात क्वचितच भेटतो.

मोनोक्रोटोफॉस किंवा प्रोफेनोफॉससारखी ऑर्गनोफॉस्फेट वर्गातील औषधे शरीरातील कोलिनएस्टरेज हे मज्जातंतूंच्या कामाला आवश्यक विकर (एन्झाइम) निकामी करतात. मग घाम, लाळ आणि उलट्या थांबत नाहीत, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होऊन दिसेनासे होते, छातीत पाणी साचल्यासारखा श्वास घुसमटतो. त्यावर ॲट्रोपिन हा उतारा देतात, परंतु त्याच्या मोठ्या मात्रेने रुग्ण भ्रमिष्टासारखा बडबडतो आणि सलाईन उपटतो, म्हणून कधी त्याचे हात खाटेला बांधावे लागतात. घरच्या माणसांना ते पाहावे लागते. त्याहून घातक गोष्ट अशी की, सुधारलेल्या रुग्णाचे श्वसनाचे स्नायू एक ते चार दिवसांनी लुळे पडू शकतात. म्हणूनच उशाशी बसलेल्याचीही मजुरी बुडते या विवंचनेने रुग्णाला लवकर घरी नेणे जिवावर बेतते. काही औषधांवर तर विशिष्ट उतारा उपलब्धच नाही. यासाठी एक विनंती कळकळीने करतो: रुग्णाला नेताना फवारलेल्या औषधाची बाटली किंवा पुडा सोबत न्या, अंगावरचे कपडे काढून साबणाने अंग धुवा, आणि ‘गरगरते आहे, झोपला की बरा होईल’ असे म्हणून रात्र घालवू नका.

सरकारने अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या नेतृत्वाखाली विशेष तपास पथक नेमले, मृतांच्या वारसांना प्रत्येकी २ लाख रुपये जाहीर केले आणि नोव्हेंबरमध्ये पश्चिम विदर्भाच्या पाच जिल्ह्यांत पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर ६० दिवसांची बंदी घातली. तोपर्यंत फवारणीचा मुख्य हंगाम उलटून गेला होता. २०२१ साली दोन मृतांच्या पत्नींनी आणि वाचलेल्या एका शेतकऱ्याने स्वित्झर्लंडमधील बासेलच्या न्यायालयापर्यंत जाऊन कीटकनाशक कंपनीकडे भरपाई मागितली. कंपनीने जबाबदारी नाकारली.

जे वाचले त्यांची मोजदाद मात्र कोणीच नीट ठेवली नाही, आणि माझ्या मते खरी किंमत तिथे आहे. नजर अधू झालेला, हातापायात बळ न उरलेला, औषधाच्या नुसत्या वासाने मळमळणारा माणूस पुढच्या हंगामात फवारणीला जाऊ शकत नाही, पण गावात त्या दिवसांत जरा बरी मजुरी देणारे काम तेवढेच असते. मग बायको निंदणाला जास्त दिवस जाते, मोठा मुलगा शाळा सोडून तोच पंप उचलतो, आणि दवाखान्यासाठी काढलेले व्याजाचे पैसे सरकीच्या (कपाशीच्या बियाण्याच्या) उधारीत भर घालतात. पाण्याची ने-आण करणाऱ्या आणि विषाने माखलेले कपडे हाताने धुणाऱ्या बायकांना होणारा त्रास तर विषबाधा म्हणून नोंदवलाही जात नाही.

आपल्या प्रश्नातला ‘शेतकरी’ हा शब्दही पुष्कळदा लागू पडत नाही, कारण दुसऱ्याच्या शेतात फवारणारा माणूस बहुतेक वेळा भूमिहीन मजूर असतो. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने चालणारी शेतकरी अपघात योजना विषबाधेने झालेला मृत्यू धरते, परंतु तिचा लाभ सातबाऱ्यावर नाव असलेल्या खातेदाराला आणि त्याच्या कुटुंबातील एका सदस्याला मिळतो. ज्याच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही, त्या मजुराच्या विधवेला या योजनेत अर्जच करता येत नाही.