आधी ऑप्टिक्स, मग पेटंटचा कायदा

होलोग्राफिक डेटा साठवणुकीतल्या, म्हणजे लेझर किरणांनी पदार्थाच्या जाडीत माहिती लिहिण्याच्या तंत्रातल्या, पेटंटच्या वादांबद्दल वाचलंस आणि या कामाची ओढ लागली, असं तू लिहिलं आहेस. बी.एस्सी. फिजिक्सनंतर लगेच लॉ करावं की एम.एस्सी., आणि जे तंत्रज्ञान बाजारात रुजलंच नाही त्याच्या भरवशावर करिअर करावं का, हे तुझे दोन प्रश्न.

एम.एस्सी. कर, आणि ऑप्टिक्स घे. कायदा नंतर शिकता येतो. नोकरी सांभाळून ब्रॅगचा नियम (किरण ठरावीक कोनातच जोरात का परावर्तित होतो, ते सांगणारा) मुरवणं मात्र फार अवघड जातं.

असं ठामपणे सांगतो, कारण या वादांचा निकाल बऱ्याचदा भौतिकशास्त्रावर फिरतो. घनपदार्थाच्या संपूर्ण जाडीत माहिती साठवता येईल, हे पीटर व्हॅन हीर्डन यांनी १९६३ मध्येच मांडलं. त्यामुळे मूळ कल्पनेवर आज कोणी हक्क सांगू शकत नाही. पेटंट मिळतं ते बारकाव्यांना: माहिती वाहणाऱ्या किरणाच्या जोडीला सोडलेल्या संदर्भ किरणाचा कोन बदलून एकाच जागी माहितीची अनेक पानं कशी लिहायची, लिहिताना फोटोपॉलिमर (प्रकाशाने बदलणारं प्लास्टिक) आकसतो ते कसं आवरायचं, वगैरे. समज, एका क्लेममध्ये (पेटंटचा हक्क नेमका कशावर, ते सांगणाऱ्या वाक्यात) ‘संदर्भ किरणाचा कोन बदलणे’ असे शब्द आहेत. प्रतिस्पर्धी मात्र दोन्ही किरण एकाच अक्षावरून पाठवतो आणि डिस्क किंचित सरकवून पुढचं पान लिहितो. मग उल्लंघन झालं का? क्लेममधला प्रत्येक घटक समोरच्या यंत्रात सापडावा लागतो, म्हणून शब्दशः तरी नाही. काही देशांत ‘वेगळ्या रीतीने तेच काम’ असाही युक्तिवाद करता येतो. तो करायला किंवा खोडायला दोन्ही पद्धतींचं भौतिकशास्त्र अंगात मुरलेलं हवं.

दुसऱ्या प्रश्नाला इनफेज टेक्नॉलॉजीजची गोष्ट उत्तर देते. २००० च्या अखेरीस बेल लॅब्जमधून निघालेल्या या कंपनीने ३०० जीबीच्या डिस्कवर काम केलं, पण व्यवसाय काही उभा राहिला नाही. तिचं तंत्रज्ञान अकोनिया होलोग्राफिक्सकडे गेलं. अकोनिया पुढे ऑगमेंटेड रिॲलिटीच्या चष्म्यांसाठी होलोग्राफिक काचांकडे वळली, आणि २०१८ मध्ये ॲपलने ती विकत घेतली. म्हणजे उत्पादन गेलं, ज्ञान आणि पेटंटं दुसरीकडे कामाला आली. पेटंट असं हातोहात फिरतं तेव्हा मालकी कोणाची, खरा संशोधक कोण, कर्मचाऱ्याने हक्क लिहून दिला होता का, हे प्रश्न उभे राहतात. त्यासाठी कायदा लागतोच. मी तो गौण मानत नाही. फक्त एकाच तंत्रज्ञानाला बांधून घेऊ नकोस. फोटोनिक्स, डिस्प्ले, सेन्सर, सगळीकडे हीच जाण उपयोगी पडते.

आई-बाबांना सांग, एम.एस्सी.नंतर संशोधन, उद्योग आणि पेटंट एजंट असे तिन्ही रस्ते खुले राहतात. पेटंट एजंट होण्यासाठी बहुतेक ठिकाणी विज्ञान किंवा इंजिनिअरिंगची पदवी लागते आणि परीक्षा द्यावी लागते. लॉची पदवी सक्तीची असतेच असं नाही.

आता एक काम कर. गूगल पेटंट्सवर इनफेजचं एक पेटंट शोध. वर्णन बाजूला ठेव, पहिला क्लेम घे, त्याचे घटक सुटे करून तक्ता कर आणि प्रत्येकासमोर त्यामागचं भौतिकशास्त्र लिही. अशी तीन पेटंटं झाल्यावर तक्ते मला पाठव. तिसऱ्यापर्यंत कंटाळा आला असेल तर तेही लिही. मग आपण प्रयोगशाळेच्या वाटेबद्दल बोलू.