आधी हार्ड डिस्क काढा, कॅमेऱ्याचं नंतर बघू

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: २०१५ साली तालुक्याच्या गावातला स्टुडिओ बंद करून तुम्ही नोकरी धरलीत, आता परत फोटोग्राफीत उतरायचंय. घरी निकॉन डी७००० कॅमेरा, १८-१०५ आणि जुनी ५० एमएम डी अशा दोन लेन्स पडून आहेत. मुद्रा योजनेतून पाच लाखांचं कर्ज काढून मिररलेसचा, म्हणजे आत आरसा नसलेल्या नव्या पद्धतीच्या कॅमेऱ्याचा, नवा सेट घ्यावा का?

नका घेऊ. निदान या सीझनला तरी नको.

मी हे करून पस्तावलोय. मीही धंदा सोडला होता. सात वर्षांनी, २०१८ साली, परत आलो तेव्हा पहिल्याच महिन्यात फायनान्सवर बॉडी, दोन लेन्स, गिंबल (व्हिडिओ हलू नये म्हणून कॅमेरा धरायचा दांडा) असं सगळं उचललं. वाटलं, सामान बघून ऑर्डरी येतील. अख्ख्या लग्नसराईत तीन आल्या, त्यातली एक मेव्हण्याच्या घरची, म्हणजे पैसे मागायची सोय नाही. पाच लाख पाच वर्षांसाठी ११ टक्क्यांनी घेतले तर महिन्याला १०,९००च्या आसपास हप्ता बसतो. आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत आपल्याकडे मुहूर्त जवळजवळ नसतात. हप्ता मात्र चातुर्मास पाळत नाही.

तुमचा डी७००० म्हातारा आहे, पण मोडीत काढण्यासारखा नाही. १२ बाय ३६च्या अल्बमचं अर्धं पान म्हणजे १२ बाय १८ इंच. त्या कॅमेऱ्याचे ४,९२८ पिक्सेल १८ इंचांवर पसरले तरी इंचाला २७०च्या वर पडतात. अल्बम चाळणाऱ्या आत्याबाईंना यात काही कमी दिसणार नाही. शिवाय दोन कार्डं बसतात, दोन्हींवर एकाच वेळी फोटो लिहायला लावा. तो अडतो तो अंधाऱ्या हॉलमध्ये आणि व्हिडिओत. फुल एचडीत सेकंदाला २४च फ्रेम मिळतात, म्हणजे स्लो मोशन विसरा.

वापरण्याआधी लेन्स मोबाइलच्या टॉर्चसमोर धरून आत कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसतंय का बघा. तीच बुरशी. इतके पावसाळे कपाटात गेले असतील तर असायची शक्यता बरीच. फ्लॅश असेल तर आधी सेल फुटून आत पांढरं साचलंय का ते बघा, आणि पहिल्याच दिवशी फुल पॉवरवर धडाधड मारू नका. कमी पॉवरवर, मध्ये वेळ देत, हळूहळू जागा करा. आणखी एक: पुढे निकॉनचाच मिररलेस घेतलात तर एफटीझेड अडॅप्टरवर (जुनी लेन्स नव्या बॉडीला जोडायचा जोड) तुमची ५० एमएम डी बसेल, पण ऑटोफोकस चालणार नाही. त्या लेन्सला फिरवणारी मोटर डी७०००च्या बॉडीत आहे, अडॅप्टरात नाही. मला हे दुकानदाराने सांगितलं नव्हतं.

खरा फरक कामाच्या पद्धतीत पडलाय. आपल्या वेळी एक फोटोवाला, एक व्हिडिओवाला आणि लाइट धरायला एक पोरगा, झालं. आता ट्रॅडिशनल (उभं करून काढायचे फोटो) वेगळा, कँडिड (नकळत टिपायचे) वेगळा, सिनेमॅटिक (सिनेमासारखा व्हिडिओ) वेगळा, वर ड्रोन, आणि हळदीची रील त्याच रात्री मोबाइलवर हवी. हे व्हिडिओ बघून कळत नाही. या हंगामात चालत्या टीमबरोबर दुसरा फोटोग्राफर म्हणून जा. मी ज्या मुलाला लाइट कसा धरायचा ते शिकवलं, त्याच्याच हाताखाली दिवसाला अडीच हजारांवर आठ लग्नं केली. पहिल्या लग्नात मी सवयीने नवरा-नवरीला "इकडे बघा" म्हणालो. तो कानाशी येऊन हळूच म्हणाला, "काका, आता त्यांना बघायला सांगायचं नसतं." राग आला, पण जेवणाच्या पंगतीपर्यंत पटलं. अंतरपाट धरला की कुठे उभं राहायचं, करवली कुठे आडवी येणार, मामा कधी डोळे पुसणार, हे मात्र त्याला माझ्याकडून कळत होतं. ते तुम्हीही विसरला नसाल.

ड्रोन विकत घेऊच नका. २५० ग्रॅमच्या वरचा ड्रोन धंद्यासाठी उडवायचा तर २०२१च्या नियमांप्रमाणे नोंदणी आणि पायलटचं सर्टिफिकेट लागतं. सर्टिफिकेटवाला माणूस दिवसाच्या भाड्यावर बोलवा. जीएसटीची काळजीही आत्ता नको. सेवेच्या धंद्याला वर्षाच्या २० लाख उलाढालीपर्यंत नोंदणी सक्तीची नाही.

आता जुन्या कामाच्या हार्ड डिस्कचं. २००८ ते २०१५ मध्ये तुम्ही ज्यांची लग्नं केलीत त्यांची मुलं आज शाळेत आहेत. वाढदिवस, मुंजी, धाकट्या भावंडांची लग्नं, सगळं त्याच घरांत आहे, आणि ती तुम्हाला नावाने ओळखतात. मी जुन्या डिस्कमधून प्रत्येक लग्नातले चार फोटो काढून ज्याचे त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले. वडील किंवा आजी आता नाहीत अशा घरी, त्यांचा एखादा साधा, हसरा फोटो. सोबत फक्त "जुनं काम चाळताना सापडला" एवढंच, जाहिरात नाही. दोन महिन्यांत सहा फोटोफ्रेमच्या ऑर्डरी, एक बारसं आणि एका धाकट्या दिराचं लग्न आलं. नव्या सेटने अख्ख्या सीझनमध्ये एवढं आणलं नव्हतं.

मात्र हे फोटो पेजवर टाकायच्या आधी विचारा. आपल्याला वाटतं, मी काढला म्हणजे माझा. १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ सांगतं की पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक काढून घेणारा असतो, वेगळा करार केला नसेल तर. नव्या ऑर्डरींच्या पावतीवर परवानगीची एक ओळ छापा आणि तिच्याखाली सही घ्या.

तर या रविवारी डिस्क शोधा. लावल्यावर टकटक आवाज आला तर लगेच काढा, पुन्हा पुन्हा लावून बघू नका. डेटा काढून देणाऱ्याकडे न्या. चालू झाली तर आधी कॉपी करा, मग चाळा. आणि किती लग्नं शाबूत निघाली ते इथेच लिहा, त्यावरून पुढचं ठरवू.