पुराचा राडारोडा : जेसीबी वाटून घेता येईल, पण टाकायचा कुठे?

प्रश्न : आमचे गाव मोहोळ तालुक्यात सीनाकाठी आहे. सप्टेंबर २०२५ च्या महापुरानंतर गाळ, उन्मळलेल्या बाभळी, पडक्या भिंतींची माती आणि कुजलेले धान्य उचलण्यासाठी ग्रामपंचायतीकडे पुरेशी साधने नव्हती. जेसीबी भाड्याने घ्यावा, तर शेजारच्या गावांनाही तो त्याच आठवड्यात हवा होता. काही ग्रामपंचायती, मोहोळ नगरपरिषद आणि सोलापूर महानगरपालिका यांना मिळून अशी सेवा उभारता येईल का? तिचा खर्च कोणी करायचा?
— ग्रामपंचायत सदस्य, मोहोळ तालुका

उत्तर : उभारता येईल, मात्र ती पावसाळ्याआधी ठरलेली असावी. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ च्या कलम ३४ नुसार जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाला राडारोडा हटवण्याचे अधिकार आहेत आणि त्याचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. त्यामुळे महापालिकेची यंत्रे हद्दीबाहेर आणण्याची मागणी त्यांच्यामार्फत करावी. जुलै २०२१ च्या पुरानंतर मुंबई आणि ठाण्याच्या महापालिकांची सफाई पथके महाड-चिपळूणला गेलीच होती. पण ती ऐन वेळची मदत होती. आपल्याला हवा आहे तो लेखी करार. अमेरिकेच्या किनारी भागात अनेक स्थानिक संस्था चक्रीवादळांचा हंगाम सुरू होण्यापूर्वीच ठेकेदार आणि दर ठरवून ठेवतात, आणि वादळ आले तरच त्यांना कामाचा आदेश देतात. आपल्याकडेही जेसीबीचा ताशी दर, टिपरचा खेपेमागे दर, डिझेल कोणाचे आणि पहिली पाळी कोणत्या गावाची, एवढे कागदावर आले तरी निम्मे वाद मिटतील.

माझ्या मते खरी अडचण यंत्रांची नाही, जागेची आहे. जागा ठरलेली नसली की चालक भरलेला टिपर जवळच्या ओढ्यात रिकामा करतो. तेथून लोटलेली बाभूळ सीनेवरच्या लांबोटीच्या पुलाला अडकली नाही, तर पुढे तिऱ्ह्याच्या किंवा वडकबाळच्या पुलाला अडकते, म्हणजे आपला राडारोडा खालच्या गावाचा पूर होतो. म्हणून पूररेषेबाहेरची, विहिरींपासून दूर असलेली आणि टिपर वळू शकेल अशी तात्पुरती साठवणुकीची जागा तहसीलदारांकडून आधीच निश्चित करून घ्यावी. तेथे लाकूड, माती-दगड आणि कुजका माल वेगळा ठेवावा, म्हणजे लाकूड विकता येते आणि मुरूम-दगड भरावाला वापरता येतो. मृत जनावरे तेथे आणूच नयेत. त्यांची विल्हेवाट पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली लावावी.

खर्चाबाबत नीट लक्ष द्यावे. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या निकषांत सार्वजनिक जागेतील राडारोडा हटवण्याचा प्रत्यक्ष खर्च मान्य होता, पण काम सुरू झाल्यापासून ३० दिवसांपुरताच. शेतातील ३ इंचांहून जाड गाळासाठी त्याच निकषांत हेक्टरी १८,००० रुपयांची वेगळी तरतूद होती. ती या हिशेबात मिसळू नये. ‘प्रत्यक्ष खर्च’ म्हटला की पुरावा आला. प्रत्येक खेपेची चिठ्ठी फाडावी, तीवर गाडी क्रमांक, भरल्याचे व उतरवल्याचे ठिकाण, वेळ आणि दोन्हीकडच्या सह्या असाव्यात. पावसात भिजलेल्या वहीवर नंतर आठवून लिहिलेल्या खेपा लेखापरीक्षणात टिकत नाहीत, हे आपल्या ग्रामसेवकांना सांगायला नको.

सुरुवात १ मेच्या ग्रामसभेतील ठरावाने करावी. शेजारच्या ग्रामपंचायतींचे ठराव, दरपत्रक आणि जागेचा सातबारा जोडून प्रस्ताव गटविकास अधिकाऱ्यांमार्फत जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवावा आणि त्याची एक प्रत नगरपरिषदेच्या मुख्याधिकाऱ्यांना द्यावी.