शब्द फोड, घोकू नको

प्रिय बेटा,

परवा अभ्यासिकेत तुझी वही चाळली. 'पेस्टिसाइड' ओळीनं लिहून काढलेलं, समोर अर्थ. "सर, रात्री पाठ होते अन् सकाळी सफाचट," म्हणालीस. होणारच! घोकलेलं टिकत नाही. शब्द फोड.

तुमच्या कोठ्यात फवारणीचे डबे पडलेत ना, त्यांच्यावरच लॅटिन छापलंय. इन्सेक्टिसाइड, हर्बिसाइड, फंगिसाइड. मागचा 'साइड' लॅटिन 'काएदेरे'चा: कापणे, मारणे. पुढे फक्त कोणाला ते बदलतं. कीड, तण, बुरशी. माणूस आला की होमिसाइड. 'सुई' म्हणजे स्वतःचा. त्याला 'साइड' जोडून होणारा शब्द आपल्या भागात कोणाला शिकवावा लागत नाही. आणि 'डिसाइड'सुद्धा त्याच घरचा. एक घाव दोन तुकडे, झाला निर्णय! आता हे सकाळी विसरून दाखव.

यात परकं काय आहे? आहार, विहार, प्रहार, संहार हे सगळे एकाच 'हृ' धातूचे, हे तुला शाळेत कळलंच होतं. मग इंग्रजी आलं की लगेच घोकंपट्टी काहून?

आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होतं, आणि गाइडातले शब्दार्थ पाठ करण्यातच शाळा संपली. कोणी एक शब्द फोडून दाखवला नाही. याची चीड अजून जात नाही. म्हणून पुढे वर्गात मी मुळं शिकवली, तर सहकारी म्हणायचे, "पोर्शन राहिला, अन् हे लॅटिन घेऊन बसले." राहिला असेल. माझी पोरं अनोळखी शब्दासमोर गांगरत नव्हती, एवढं मी छातीठोक सांगतो.

हां, सगळीकडे हे चालत नाही. हाउस, वॉटर, ब्रेड हे इंग्रजीचे जुने घरचे शब्द. ते वापरूनच येतात. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, तेव्हापासून फ्रेंचमार्गे लॅटिन शब्दांचा लोंढा आला. कोर्टकचेरी, सरकार, पुढे विज्ञान, म्हणजे नेमकं तुझ्या परीक्षेचं पान, त्यांनीच भरलंय. आणि फोडलास तरी डिक्शनरीत ताडून पाहा. 'कोइन्साइड'मधला 'साइड' मारण्याचा नाही, पडण्याचा. पेट्रोलच्या टँकरवरचं 'इनफ्लेमेबल' वाचून 'इन म्हणजे नाही' असं धरून कोणी बिडी पेटवली, तर संपलंच. तिथला 'इन' नकाराचा नाही; चटकन पेट घेणारं, असा तो शब्द.

ती पाठांतराची यादी भिंतीवरून काढ. या आठवड्यात 'रप्ट' घे, म्हणजे तुटणे. करप्ट, इंटरप्ट, बँकरप्ट तुझ्या वहीत आहेतच, वेगवेगळ्या पानांवर. एका पानावर आण आणि रविवारी दाखव. अर्थ पाठ करून आलीस तर मी वही बघणार नाही.

तुझे सर