दहा हजार रोपं नकोत, राखणीचे पैसे मागा

प्रश्न : आमच्या गावाला ४२ हेक्टर गायरान आहे. माझ्या लहानपणी तिथं चिंकारा, खोकड हमखास दिसायचे. आता वेडी बाभूळ माजली आहे. एक संस्था कंपनीच्या पैशातून दहा हजार रोपं लावून द्यायला तयार आहे. ग्रामसभेत ठराव घ्यायचा आहे. होकार द्यावा का? दुसरीकडून निधी मिळतो का?
– एक ग्रामपंचायत सदस्या, सोलापूर जिल्हा

उत्तर : ताई, ठराव जरा थांबवा. बावीस वर्षांपूर्वी, मी या कामात नवीन होते तेव्हा अशाच एका माळावर आम्ही गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) हे भराभर वाढणारं परदेशी झाड लावलं. खड्डे मोजायचं काम माझ्याकडे होतं. मोजणी चोख झाली, हप्ते वेळेवर आले. तीन पावसाळ्यांत झाडं डोक्यावर गेली आणि खालचं गवत विरळ झालं. तिथं उघड्या जमिनीवर धाविक पक्ष्यांची एक जोडी दरवर्षी अंडी घालायची. ती जागा मी आजही बोटानं दाखवू शकते, पण ती जोडी पुन्हा आली नाही.

चिंकारा, धाविक, चंडोल यांना लांबवर दिसणारी मोकळी जमीन लागते. आपल्या सरकारी दप्तरात माळ म्हणजे 'पडीक', म्हणून अनुदान म्हटलं की खड्डा आणि रोप. तुमच्याच जिल्ह्यात नान्नजला १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य झालं, तिथंही गिरिपुष्पाच्या लागवडीनं गवताची जागा खाल्ली.

म्हणून संस्थेला नकार देऊ नका, कामच बदलून मागा. अंदाजपत्रकात रोपांऐवजी या गोष्टी येऊ द्या : पहिल्या वर्षी पाहणी, वेडी बाभूळ मुळासकट काढणं आणि पुढची दोन-तीन वर्षं तिचे फुटवे उपटणं, पवन्या, मारवेल, डोंगरी या गवतांचं जवळच्या माळावरून गोळा केलेलं बी, आणि राखणदाराचं मानधन. सगळ्यात मोठी रक्कम राखणीवर असू द्या. सगळी बाभूळ एका दमात काढू नका. त्या जाळीत खोकडाची बिळं असू शकतात, शिवाय गावातल्या बायकांचं सरपण तिथूनच येतं. आणि तुमच्या माळावर येणाऱ्या मेंढपाळांना आधी बोलवा. कुठला तुकडा कधी बंद, कधी खुला, हे त्यांच्यासोबत ठरलं तरच राखण टिकते. आम्ही त्यांना विचारलंच नव्हतं.

कंपनीला हे मान्य होईल का? कायदा आड येत नाही. कंपनी कायदा २०१३च्या कलम १३५खाली ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान २ टक्के सामाजिक कामावर खर्चावे लागतात, आणि त्या यादीत पर्यावरणाचा समतोल, वनस्पती-प्राण्यांचं रक्षण हे स्पष्ट लिहिलेलं आहे. काम 'चालू प्रकल्प' म्हणून मंजूर करून घ्या. मग सुरुवातीचं आर्थिक वर्ष सोडून आणखी तीन वर्षं ते चालवता येतं. एका वर्षाचं अनुदान असेल तर राखणदार मार्चमध्ये घरी जातो आणि एप्रिलमध्ये माळ पेटतो. कंपन्यांकडून असा निधी घेण्यासाठी संस्थेला लागणारी सीएसआर-१ नोंदणी झाली आहे का, तेही बघा.

कॅम्पाच्या निधीबद्दल अनेक जण विचारतात. वनजमीन दुसऱ्या कामाला दिली की भरपाईचा पैसा त्यात जमतो, आणि २०१६च्या कायद्यानं त्यातला ९० टक्के वाटा राज्याकडे येतो. तो वनविभागाच्या वार्षिक आराखड्यातून खर्च होतो. ग्रामपंचायतीला गायरानासाठी थेट अर्ज करता येत नाही, त्यात वेळ घालवू नका.

त्याऐवजी गावची जैवविविधता व्यवस्थापन समिती जागी करा. २००२च्या कायद्यानं ती प्रत्येक ग्रामपंचायतीत असायला हवी. पुष्कळ ठिकाणी ती नुसती कागदावर असते. तिच्या लोकजैवविविधता नोंदवहीत माळावरचं गवत, पक्षी, बिळं यांची नोंद असली, की पैसे देणाऱ्यापुढे ठेवायला तुमचा स्वतःचा दस्तऐवज तयार होतो. ज्येष्ठ मेंढपाळांना बरोबर घेऊन ती भरा.

एक काम मात्र या सगळ्याच्या आधी. गायरान सरकारच्या मालकीचं, ग्रामपंचायतीकडे फक्त सांभाळायला असतं. सातबारा काढा, मोजणी करून हद्द पक्की करा, तहसीलदारांना लेखी कळवून लागेल ती परवानगी घ्या. हद्दीचा वाद असलेल्या जमिनीवर कुणी पैसे घालत नाही.

गवताचं बी दिवाळीच्या सुमारास पिकतं आणि आठवड्या-दोन आठवड्यांत झडून जातं. ते गोळा करायची माणसं दसऱ्यापूर्वी ठरवून ठेवा.