लग्न लिव्हरमोरला लागलं, कागद कुठल्या काउंटीत?

मागच्या अंकात अमेरिकेतल्या जन्मदाखल्यावर लिहिलं होतं, त्यानंतर पत्रं आली ती जवळपास सगळी लग्नाच्या दाखल्याची. चार निवडलीत, बाकीच्यांनी रागावू नका, तुमचं उत्तर यातच कुठेतरी असणार.

प्रश्न : मुलाचं लग्न 2017 साली कॅलिफोर्नियात लिव्हरमोरच्या देवळात झालं, सून अमेरिकन आहे. आता तिचं ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकाला भारतात येऊन-राहायची मुभा देणारं) काढायचंय. गुरुजींची सही असलेलं सोनेरी बॉर्डरचं सर्टिफिकेट मी फ्रेम करून हॉलमध्ये लावलंय, पण मुलगा म्हणतो हे चालत नाही, आणि दुसरं काढ म्हटलं की रोज नुसतं 'बघतो' म्हणतो. ते दुसरं कुठून काढायचं? – एक आई, नौपाडा

उत्तर : ताई, मुलगा बरोबर बोलतोय, फ्रेम राहू द्या भिंतीवर, छान दिसत असेल, पण तो कागद म्हणजे लग्नातल्या फोटोंचाच भाऊ समजा. तिकडे कसं असतं, लग्नाआधी दोघांनी काउंटी क्लार्कच्या खिडकीवर जाऊन, ओळखपत्र दाखवून, फी भरून मॅरेज लायसन्स काढायचं असतं, कॅलिफोर्नियात ते 90 दिवस चालतं, मग ज्यांनी लग्न लावलं त्यांनी त्यावर सही करून 10 दिवसांच्या आत ते त्याच काउंटीला परत पाठवायचं. तिथे नोंद झाली की त्या नोंदीची जी सर्टिफाइड कॉपी मिळते तोच खरा दाखला. लायसन्स म्हणजे नुसती परवानगी, हे दोन कागद लोक सतत एकमेकांत मिसळतात.

काउंटी म्हणजे साधारण आपल्या तालुका-जिल्ह्यासारखा प्रकार, अख्ख्या अमेरिकेत 3100 च्या वर आहेत आणि लग्नांचं सगळ्या देशाचं मिळून एकच रजिस्टर असं वॉशिंग्टनला वगैरे कुठेही नाही. म्हणून पहिला प्रश्न 'लग्न कुठे लागलं' हा नाहीच, 'लायसन्स कुठून काढलं' हा आहे. कॅलिफोर्नियात कुठल्याही काउंटीचं साधं लायसन्स राज्यात कुठेही चालतं, आणि नोंद मात्र ज्या काउंटीने लायसन्स दिलं तिथेच. लिव्हरमोर अलमीडा काउंटीत येतं, पण तुमचा मुलगा तेव्हा सॅन होजेला नोकरीला असेल आणि लंच टाइममध्ये तिथूनच लायसन्स काढलं असेल तर कागद सँटा क्लारा काउंटीत पडलेला असणार, आणि तुम्ही अलमीडात जन्मभर शोधत बसाल. कल्याण-डोंबिवली पालिकेत नोंदवलेलं लग्न ठाणे पालिकेत सापडेल का? तसंच ते.

मग मुलाला अजून एक विचारा, लायसन्स पब्लिक, म्हणजे साधं होतं, की कॉन्फिडेन्शियल, म्हणजे गोपनीय. कॅलिफोर्नियात दोन्ही प्रकार आहेत. कॉन्फिडेन्शियल असेल तर कॉपी काउंटी क्लार्ककडून आणि फक्त नवरा-बायकोलाच मिळते, तिथे सासूबाईंचं काही चालत नाही. पब्लिक असेल तर काउंटी रेकॉर्डरकडे अर्ज करायचा, तो आईवडीलही करू शकतात, पण पोस्टाने मागवायची तर शपथपत्र नोटरी करून लागतं, त्यामुळे तुम्ही इथून खटपट करू नका, त्यालाच एक शुक्रवार सुट्टी काढायला लावा. आणि अर्जात 'ऑथराइज्ड' कॉपीवरच टिक करायला सांगा, 'इन्फॉर्मेशनल' कॉपी मिळायला सोपी असते पण ओळख सिद्ध करायला हा कागद वैध नाही असं तिच्यावरच छापलेलं असतं, मग उपयोग काय.

कॉपी हातात आली की पुढचं काम. तो कागद घेऊन सॅक्रामेंटोला, म्हणजे राज्याच्या राजधानीत, सेक्रेटरी ऑफ स्टेटकडून अपोस्टील करून घ्यायचं, म्हणजे कागद परदेशात खरा मानला जावा म्हणून त्याला सरकारी प्रमाणपत्र जोडून घ्यायचं. भारत 2005 पासून या अपोस्टीलच्या करारात आहे. काउंटी अपोस्टील देत नाही, आणि कॅलिफोर्नियाचा कागद दुसऱ्या राज्यात नेऊनही होत नाही.

आता कळकळीने सांगतो ते ऐका. अपोस्टीलचा कागद दाखल्याला पिन मारून जोडलेला येतो. ती पिन काढायची नाही. माझ्या भाच्याने स्टेशनबाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडे कागद दिले, त्या पोराने सवयीने पिन उपटली, दोन्ही पानं सुटी करून मस्त स्वच्छ झेरॉक्स काढल्या आणि नवी पिन मारून परत दिलं, वर दहा रुपये कमी घेतले. जुन्या पिनेची दोन भोकं दिसत होती ना शेजारी, अर्ज परत आला, सगळं पहिल्यापासून, तीन महिने गेले. लॅमिनेशन तर नावही काढू नका, आपल्याकडे महत्त्वाचा कागद दिसला की लोकांचे हात शिवशिवतात.

ओसीआयसाठी लग्न नोंदवून सलग दोन वर्षं टिकलेलं असावं लागतं, ते तुमचं कधीच झालंय.

प्रश्न : आमचे काका 1971 मध्ये 'न्यूयॉर्कजवळ' लग्न करून राहिले, आता दोघंही नाहीत. वारसाच्या कामासाठी त्यांच्या लग्नाची नोंद हवी आहे. कुठल्या काउंटीत लिहू? – वाशी, सेक्टर 17

उत्तर : 'न्यूयॉर्कजवळ' हे आपल्या 'मुंबईजवळ'सारखं झालं, त्यात कर्जतही येतं आणि विरारही. तुमच्या बाबतीत तर गंमत अशी की काउंटीला लिहून बहुधा काही होणारच नाही. न्यूयॉर्क शहराच्या पाच बरोंमध्ये (म्हणजे शहराच्या पाच विभागांत) लायसन्स काढलं असेल तर रेकॉर्ड सिटी क्लार्ककडे, शहराबाहेर पण न्यूयॉर्क राज्यातच असेल तर त्या त्या टाउन किंवा सिटीच्या क्लार्ककडे, आणि नदीपलीकडे जर्सी सिटीला लग्न झालं असेल तर राज्यच वेगळं, तिथे गावचा रजिस्ट्रार नाहीतर न्यू जर्सी राज्याचं ऑफिस.

म्हणून आधी घरातली ट्रंक उघडा. काकांची जुनी पाकिटं असतील तर पोस्टाचा शिक्का बघा, लग्नाच्या फोटोच्या मागे स्टुडिओचा पत्ता असतो तो बघा, हे मी उगाच नाही सांगत, आमच्या एका नातेवाइकांचं गाव फोटोच्या पाठीमागच्या जांभळ्या शिक्क्यावरूनच सापडलं. न्यूयॉर्क शहराचं निघालं तर तुमचं नशीब, 50 वर्षांपेक्षा जुनं रेकॉर्ड तिथे इतरांनाही मागता येतं. फॅमिलीसर्च नावाच्या वंशावळीच्या साइटवर फुकटात इंडेक्स चाळता येतात, पण तिथे दिसतो तो फक्त माग, कोर्टात ठेवायला सर्टिफाइड कॉपीच लागणार.

आणि नाव एकाच स्पेलिंगने शोधू नका हो. लक्ष्मण एक्स घालूनही लिहितात आणि के-एस-एच घालूनही, त्यात आपलं मधलं नाव वडिलांचं, तिकडच्या क्लार्कला ते आडनावच वाटतं. वर सांगितलेल्या नातेवाइकांची नोंद आम्ही आठवडाभर आडनावाखाली शोधली आणि निघाली त्यांच्या वडिलांच्या नावाखाली. बायकोच्या माहेरच्या नावानेही शोधून बघा, ते बऱ्याचदा लवकर सापडतं.

प्रश्न : मुलीला ह्यूस्टनचं स्थळ आलंय, मुलगा चांगला वाटतो पण वय 36. आधी लग्न झालंय का हे अमेरिकेतून गुपचूप कळेल का? – ऐरोली

उत्तर : थोडंफार कळेल. ह्यूस्टन बहुतांश हॅरिस काउंटीत येतं आणि त्या काउंटी क्लार्कच्या साइटवर मॅरेज लायसन्स नावाने शोधता येतात. टेक्सास राज्याकडे 1966 पासूनच्या लग्नांचा इंडेक्स आहे, त्यावरून व्हेरिफिकेशनचं पत्र मिळतं. लास वेगासचं लग्न असेल तर क्लार्क काउंटीच्या साइटवर तेही शोधता येतं. पण नाव सापडलं नाही म्हणून अविवाहित, असं धरून चालू नका, एकट्या टेक्सासात 254 काउंट्या आहेत आणि बाकीची 49 राज्यं बाहेर. शिवाय सापडलंच तरी घटस्फोट झालाय का ते त्यात नसतं, तो कोर्टाचा कागद, टेक्सासात बहुतेक ठिकाणी डिस्ट्रिक्ट क्लार्ककडे.

मला विचाराल तर गुपचूप नकोच. फ्लॅट घेताना आपण बिल्डरच्या तोंडावर इंडेक्स टू मागतो, तेव्हा नाही लाज वाटत. मुलालाच सरळ विचारा, आधी लग्न झालं होतं का, झालं असेल तर घटस्फोटाच्या डिक्रीची सर्टिफाइड कॉपी पाठव. चांगला मुलगा असेल तर पाठवेल, त्यात चिडण्यासारखं काही नाही. इथे ठाण्यात स्पेशल मॅरेज ॲक्टखाली लग्न करणार असाल तर 30 दिवसांची नोटीस लागतेच, त्या वेळी पहिलं लग्न सुटल्याचा कागद लागणारच आहे, तो आताच मागून घेतलेला बरा.

प्रश्न : अमेरिकेत काउंटीत रजिस्टर लग्न केलं, मग सहा महिन्यांनी कोपरखैरण्यात हॉल घेऊन विधी केले. आता पालिकेत पण नोंदवू का? – कोपरखैरणे

उत्तर : नको. कायद्याने तुमचं लग्न काउंटीच्या तारखेलाच झालं, पालिकेत दुसरी तारीख लागली की एका फॉर्मवर एक, व्हिसाच्या फॉर्मवर दुसरी, आणि पुढे दहा वर्षं प्रत्येक खिडकीवर 'मॅडम, नक्की कुठली?' हे ऐकत बसाल. काउंटीची कॉपी मागवताना मात्र एक नाही, तीन मागवा.